सांक्ट एंगर्टचा नवस

दक्षिण जर्मनीतल्या डोंगरात एक लहानसं गाव आहे. तिथे सध्या दोन-चार घरी सफरचंदाच्या रसात कोल्हापुरी गूळ घालून बघतायत. एका आजोबांनी तो पावावर किसून खाल्ला आणि "वाईट नाही" असं कळवलं. त्या भागातल्या माणसाने "वाईट नाही" म्हणणं म्हणजे आपल्याकडे पाठ थोपटण्यासारखं, असं माझी लेक सांगते. या सगळ्याला जबाबदार मी. कराडला परत येऊन तीन आठवडे झाले. शेजारीपाजारी विचारतात, काय काय पाहिलंत? राजवाडे, संग्रहालयं, काहीच पाहिलं नाही. मी एक नवस फेडायला गेले होते.

नवस तीन वर्षांपूर्वीचा. माझी लेक मृण्मयी, आमची मनू, स्टुटगार्टला मोटारींचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कंपनीत इंजिनिअर आहे. नवरा योनास तिकडचाच. मनूला सातवा लागला म्हणून मी डोहाळजेवण करायला गेले होते. हिरवी साडी, फुलांच्या वाड्या, सगळं बॅगेतून नेलं होतं. कार्यक्रम रविवारी ठरला आणि शुक्रवारी मनू हॉस्पिटलमध्ये गेली. नात झाली ती एक किलो ऐंशी ग्रॅमची. काचेच्या पेटीत ठेवलेली, अंगभर नळ्या आणि डोक्यावर माझ्या मुठीएवढी लोकरीची टोपी.

त्या वॉर्डात रोज सकाळी नर्स बाळाचं वजन एका पाटीवर लिहायची. आमचा अख्खा दिवस त्या पाटीवर अवलंबून असायचा. अशी बाळं सुरुवातीला घटतात, हे डॉक्टरांनी समजावून सांगितलं होतं. पण समजणं वेगळं आणि पाटीवर आकडा कमी झालेला बघणं वेगळं. चौथ्या दिवशी पाटीवर नऊशे नव्वद लिहिलं होतं. त्याच दिवशी मनूला घरी सोडलं. बाळ तिथेच.

परतताना हमरस्ता काही कामासाठी बंद होता, म्हणून योनासने गाडी आडवाटेने घेतली. मनू आणि मी मागच्या सीटवर. मनू खिडकीबाहेर बघत होती, पण तिला काही दिसत नव्हतं, हे आईला कळतंच. एका चढावर पिवळी पाटी आली. वर काळ्या अक्षरांत लिहिलं होतं, सेंट एंगर्ट. तिकडे सेंटला सांक्ट म्हणतात. पलीकडे टेकडीवर इवलंसं पांढरं देऊळ. म्हणजे चॅपल, पण मला देऊळच वाटलं. कॉन्व्हेंट शाळांमुळे 'सेंट' म्हणजे कोण हे आपल्याकडे लहान पोरालाही माहीत असतं. तसं म्हटलं तर आपल्याकडे नवस देवाला बोलतात, संताला नाही. पण परक्या मुलखात माझ्या ओळखीचं होतं कोण? समोर आला त्याचे पाय धरले.

माझ्या सासूबाईंचं म्हणणं असायचं की नवस मनातल्या मनात बोलू नये, ऐकायला कुणीतरी हवं. म्हणून मी मोठ्याने बोलले, "बाबा एंगर्टा, माझी नात सुखरूप घरी येऊ दे. तिची गुळाची तुला करीन आणि तुझ्या गावात वाटीन." पुढेही काहीबाही बोलले, ते मला आता आठवत नाही.

तुला म्हणजे तागडीच्या एका पारड्यात लेकरू आणि दुसऱ्यात त्याच्या वजनाइतका गूळ. दहा आठवडे आम्ही देव पाण्यात घालून बसलो. मग आमची नात इरा घरी आली आणि चौथ्या दिवशी माझा व्हिसा संपला.

नंतर कधी आमच्या ह्यांच्या गुडघ्याचं ऑपरेशन, कधी व्हिसाची तारीख. नवस लांबत गेला. आणि या नवसाची गंमत अशी की तो जितका लांबतो तितका गूळ वाढतो. दर व्हिडिओ कॉलवर मी विचारायची, "वजन केलंस का तिचं?" मनू म्हणायची, "आई, ती काय बैल आहे का बाजारातला?" ऑगस्टमध्ये कळलं, साडेबारा किलो. मी एकेक किलोच्या तेरा भेल्या घेतल्या. अर्धा किलो हाताशी जास्तीचा.

फ्रँकफर्ट

हे गुडघ्यामुळे आले नाहीत. निघताना म्हणाले, "तिकडच्या कस्टमवाल्यांना सांग, बायको गोड आहे, गूळ तिचाच." लग्नाला अडतीस वर्षं झाली, विनोद तेच.

कस्टमवाल्यांनी खरंच अडवलं. पंचविशीतली एक मुलगी, केस घट्ट बांधलेले, हातात मोजे. बॅग उघडायला लावली. वर पातळं, खाली कागदात गुंडाळलेल्या तेरा तपकिरी भेल्या एकीला एक लावून रचलेल्या. तिने एक उचलून नाकाशी नेली. मी इंग्रजीत म्हटलं, साखर आहे, उसाची. एवढी? हो. कशाला? आता हिला काय सांगायचं. मी म्हटलं, "माझ्या नातीचं वजन आहे हे."

मी फोन काढून दोन फोटो दाखवले, एक काचेच्या पेटीतला आणि एक परवाचा, लाल बूट घालून चिखलात उभ्या असलेल्या इराचा. भाषा आमची दोघींची तोडकीमोडकी, पण तिला कळलं. तिने ती भेली पुन्हा कागदात गुंडाळली, घडी होती तशीच घातली आणि बॅगेची चेन स्वतः लावून दिली. इतक्या नीट तर मीही लावली नव्हती.

स्टुटगार्ट

स्टुटगार्ट म्हणजे चढ-उतार. एका घराच्या गच्चीच्या पातळीला दुसऱ्याचं अंगण. मनूच्या घरापासून बेकरीपर्यंत एकशे चार पायऱ्या आहेत, मी मोजल्या. योनास रोज सकाळी त्या उतरून गरम ब्रेट्सेल आणतो, म्हणजे पिळा घातलेला खारा पाव. मी येणार म्हणून तो शाकाहारी माउलटाशे करायला शिकला होता. आपल्या करंजीचा चौकोनी भाऊ समजा, पण उकडलेला आणि रश्शातला. आत पालक होता. मी तीन खाल्ले आणि वर लसणाची चटणी घेतली. तीही त्याने मागून घेऊन खाल्ली, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत.

जावयाला अरे-तुरे कसं करायचं, म्हणून मी त्याला योनासराव म्हणते. तो मला आई म्हणतो. त्याला वाटतं 'राव' हे त्याचं मराठीतलं आडनाव आहे, आणि मी ते दुरुस्त केलेलं नाही.

इराला मराठी सगळं कळतं. "इरा, पाणी आण" म्हटलं की आणते. उत्तर मात्र जर्मनमधून. पहिले दोन दिवस ती माझ्याशी बोलली नाही. तिसऱ्या दिवशी माझ्या पातळाच्या निऱ्या धरून बसली आणि पंधरा मिनिटं जर्मनमधून काहीतरी सांगत होती. मी "हो ना, खरंच" म्हणत राहिले. संध्याकाळी मनूने सांगितलं की इरा मला तिच्या पाळणाघरातल्या सशाच्या आजारपणाबद्दल सांगत होती आणि आजीला फार वाईट वाटलं म्हणून खूश होती.

नवसाचा विषय काढला की मनूचा चेहरा बदलायचा.

"आई, तू गूळ आणलास ना, मग इथेच घरी करू तुला. शेजाऱ्यांना वाटू."

"नवस गावाचा आहे. तिथेच फेडायला हवा."

"अगं, अनोळखी गावात जाऊन मुलीला तागडीत बसवायचं? पाइनलिश आहे ते." पाइनलिश म्हणजे लाज वाटण्यासारखं. हा शब्द तिकडे गेल्यावर मी सगळ्यांत आधी शिकले. "लोक म्हणतील काय! आणि देवळात कुणी असेल-नसेल. तेर्मिन घ्यावी लागेल."

नवस फेडायला अपॉइंटमेंट! पण ती त्या देशाची रीत. मी म्हटलं, "मग घे की तेर्मिन. डॉक्टरची घेतेस, केस कापायची घेतेस, देवाची घ्यायला काय झालं?"

मी तीन दिवस गप्प बसले. माझं गप्प बसणं माझ्या घरात सगळ्यांना माहीत आहे. चौथ्या दिवशी मनूने गावाचा पत्ता शोधला आणि ईमेल केली. दोन तासांत उत्तर आलं. शनिवारी अकरा वाजता यावं, चॅपलची किल्ली माझ्याकडे असते. खाली सही, हेलन.

सांक्ट एंगर्ट

शनिवारी ऊन पडलं होतं. ऑक्टोबरातलं तिकडचं ऊन म्हणजे कोमट दूध. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना सफरचंदांची झाडं, खाली गवतात फळांचा खच, आणि कुणीही उचलत नाही. मी दोनदा गाडी थांबवायला सांगितली. "आई, झाडं कुणाच्यातरी मालकीची आहेत," मनू म्हणाली. मी म्हटलं, मालकीचं मला सांगू नकोस.

इथे माझी ओळख सांगायला हवी. मी एकतीस वर्षं भूमी अभिलेख खात्यात नोकरी केली. जमिनीच्या मोजण्या, नकाशे आणि उताऱ्यावरची नावं. बापूचा बाबू, साळुंखेचा सोळंके, एका कारकुनाच्या हातून झालं की पुढचे शंभर कारकून तेच गिरवतात. ते निस्तरण्यात माझं आयुष्य गेलं. एकदा पाटणजवळ आम्ही एका माळाची मोजणी केली. माळाच्या कडेला शेंदूर फासलेला देव, लिंबू-नारळ वाहिलेले. जुना नकाशा लावून पाहिला तर तो आमच्याच खात्याने रोवलेला हद्दीचा दगड. मोजणीदार हसायला लागला. मी त्याला गप्प केलं आणि दगडाला हात जोडून पुढे गेले. हे सांगायचं कारण लवकरच कळेल.

तीच पिवळी पाटी आली. मी गाडीतूनच नमस्कार केला. टेकडीखाली एका शेडमध्ये सफरचंदांचा रस काढायचं काम चाललं होतं. लोक ट्रॉल्या भरभरून फळं आणत होते, वजन करून ओतत होते, खालून फेसाळ तपकिरी रस पडत होता. अगदी आपलं गुऱ्हाळ. तोच गोडसर आंबूस वास, त्याच माश्या, तशीच रांगेत उभं राहून गप्पा मारणारी माणसं. फक्त कुणी ओरडत नव्हतं. रसवाल्याने न मागता आम्हाला चार ग्लास भरून दिले. मला तिथेच वाटलं, आपण योग्य ठिकाणी आलो.

हेलन चॅपलच्या दाराशी उभी होती. सत्तरीची, उंच, पिकलेले केस, हातात वीतभर लोखंडी किल्ली. ती मूळची इंग्लंडची, लग्न होऊन चाळीस वर्षांपूर्वी या गावात आली. शाळेत इंग्रजी शिकवायची. म्हणजे आम्हा दोघींना मध्ये कुणी लागणार नव्हतं.

आत गारवा होता, मेणाचा वास होता. आठ-दहा बाकं, खिडकीत मेरीची लाकडी मूर्ती. मी हळद-कुंकवाची पुडी हातात घेऊन एंगर्टबाबांना शोधत होते. समोरच्या भिंतीत एक कोनाडा होता. त्यात काचेच्या बरणीत जांभळी फुलं ठेवली होती. बाकी कोनाडा रिकामा.

"संत एंगर्ट कुठे आहेत?" मी विचारलं.

हेलनने मनूकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "तुम्ही त्याच्यासाठी आलात?"

"त्याच्याचसाठी. भारतातून."

ती बाकावर बसली आणि मलाही बसायला खूण केली. मग हळू, शिक्षिका सांगते तसं तिने सांगितलं. एंगर्ट नावाचा संत कधी झालाच नाही. कुठल्याही यादीत नाही, कुठल्याही पोथीत नाही. फार पूर्वी इथे रान होतं. लोकांनी ते जाळून जमीन मोकळी केली, आणि अशा जमिनीला जे म्हणायचे तेच गावाचं नाव पडलं, सेंगर्ट. पुढे कुणा लिहिणाऱ्याने ते 'एस. एंगर्ट' असं तोडून लिहिलं, त्याच्या पुढच्याने त्या 'एस'चा सांक्ट केला. मग नाव आहे तर देऊळ हवं, म्हणून लोकांनी देऊळ बांधलं. मूर्ती घडवायची वेळ आली तेव्हा तो दिसतो कसा हे कुणालाच सांगता येईना. म्हणून कोनाडा रिकामा.

"मला वाटलं तुम्हाला माहीत असेल," ती म्हणाली. "माझं माहेर सेंटबरी नावाच्या गावाजवळचं. लोक तिथेही संत शोधत येतात. तो संत नव्हे, साविन नावाचा कुणी साधा माणूस, त्याची गढी होती म्हणतात. इंग्लंडात अशी आणखी गावं आहेत. एका खोट्या संताजवळ जन्मले आणि दुसऱ्याच्या गावात नांदले."

ती हसली. योनासही हसला. मला हसता येईना.

मला राग आला तो माझाच. रान जाळून जमीन काढणं मला नवीन नाही, पाटणच्या डोंगरात राब भाजताना मी पाहिलंय. कारकुनाने नाव बिघडवणं तर माझ्या रोजच्या जेवणासारखं. आणि मीच एका पाटीवर विश्वास ठेवून बसले! पण रागाच्या खाली भीती होती, ती खरी. तीन वर्षं इराला साधा ताप आला तरी मी मनात म्हणायची, एंगर्टबाबा आहे. तो नव्हताच, तर नवस ऐकला कुणी? आणि कुणी ऐकलाच नसेल तर मी फेडू कुणाला? न फेडलेल्या नवसाचं ओझं त्या लेकराच्या डोक्यावर ठेवून मी विमानात कशी बसणार होते? कुंकवाची पुडी मुठीत चुरगळली.

बाहेर येऊन मी ह्यांना फोन लावला. सगळं ऐकून हे आधी पोटभर हसले. "अगं, आयुष्यभर लोकांची नावं दुरुस्त केलीस आणि पाटी वाचून नवस बोललीस?"

"अहो, हसू नका. मी काय करू सांगा."

हे म्हणाले, "तुझ्या खात्याच्या दगडाला हात जोडलेस तेव्हा मला विचारलं होतंस?" आणि फोन ठेवला. हा माणूस नेहमी असं अर्धंच बोलतो.

मी मनूला म्हटलं, "चल, घरी जाऊ. गूळ गाडीतच राहू दे. तू म्हणत होतीस तसं शेजाऱ्यांना वाटू." मला वाटलं ती 'सुटले' म्हणेल. पाइनलिश टळलं म्हणेल.

मनू जागची हलली नाही.

"नाही. इथेच करायचं," ती म्हणाली.

"अगं, पण नाहीये तो. ऐकलंस ना?"

"गेनाऊ, बरोबर. तो नाहीये. मग त्या दिवशी गाडीत तू बोललेलं ऐकलं कुणी?" तिचा आवाज चढला होता. "मी ऐकलं, आई. मी शेजारी बसले होते. तुला आठवतं, तू पुढे काय म्हणालीस?"

मला खरंच आठवत नव्हतं.

"पाटीवर नऊशे नव्वद होते. तू गूळ म्हणालीस तेव्हा माझ्या मनात आलं, एक भेलीसुद्धा जास्त होईल. आणि तू लगेच म्हणालीस, 'आत्ता नाही हं, चालायला लागली की. दहा किलो तरी गूळ लागेल, बॅग मोठी घ्यायला हवी.' अशी म्हणालीस जसं काय बाजारात जायचंय. आल्झो... म्हणजे, मी त्या चार दिवसांत उद्या सकाळच्या पाटीच्या पुढचा विचार केला नव्हता. करायची हिंमत नव्हती. डॉक्टर ग्रॅममध्ये बोलायचे, नर्स ग्रॅममध्ये, योनास ग्रॅममध्ये. तू एकटी किलोमध्ये बोललीस. दहा किलोची मुलगी मला त्या गाडीत पहिल्यांदा दिसली. चालणारी." तिने बाहीने नाक पुसलं, लहानपणी पुसायची तसं. "मला नवस-बिवस कळत नाही. पण तो मी ऐकलाय. तुला तो फेडावा लागेल."

मी तिला जवळ घेतलं. किती वेळ ते सांगता येणार नाही. योनासरावांना मराठी फार कळत नाही, पण तेही येऊन आमच्या दोघींच्या खांद्यांवर हात ठेवून उभे राहिले.

आता प्रश्न तागडीचा. मी दोन पारड्यांची तागडी मनात धरून आले होते. हेलन म्हणाली, रसाच्या शेडमध्ये वजनकाटा आहे. मी म्हटलं, त्यावर आकडा दिसेल, मला आकडा नको, मला दोन्ही बाजू समोरासमोर हव्यात. आम्ही असं बोलत असताना इरा कुठे गेली म्हणून मनूने वळून पाहिलं.

चॅपलच्या मागे मुलांसाठी वाळूचा चौक आणि एक लाकडी सीसॉ होता. इरा त्याच्या एका टोकावर जाऊन बसली होती. लाल बूट जमिनीला टेकलेले, दोन्ही हातांनी दांडा धरलेला, समोरचं टोक वर आभाळात. कुणीतरी पलीकडे बसेल म्हणून वाट बघत होती.

योनासने गाडीतून गूळ आणला. मी इराला कुंकू लावलं, अक्षता टाकल्या. शेडमधली तीन-चार माणसं ग्लास हातात घेऊन बघायला आली. हेलनने त्यांना काय सांगितलं कोण जाणे, एका आजोबांनी डोक्यावरची टोपी काढून हातात घेतली. योनासने समोरची बैठक खाली ओढून धरली आणि मी तिच्यावर दोरीची पिशवी बांधून एकेक भेली ठेवू लागले. एक. दोन. मनू मोठ्याने मोजत होती. सातव्या भेलीला ती थांबली, मग इराने पुढचे आकडे जर्मनमधून म्हटले. तेराव्या भेलीनंतर मी योनासला खूण केली. त्याने हात सोडला.

गुळाची बाजू सावकाश वर गेली. इराचे बूट धपकन जमिनीवर टेकले.

गूळ कमी पडला.

कमी पडणारच होता. ऑगस्टपासून पोर वाढली होती, वर जाड जाकीट, वर बूट, वर मी आठवडाभर भरवलेला तूपभात. पण ते सगळं नंतर सुचलं. त्या क्षणी मला एवढंच दिसलं की जिच्यासाठी एक भेली जड वाटली होती, तिला तेरा पुरत नाहीत. मी आयुष्यात इतक्या आनंदाने कधी कमी पडले नव्हते. मला रडू फुटलं आणि हसूही.

"आता?" योनासने विचारलं.

हेलन झाडाखाली गेली आणि पदर पसरावा तसा स्वेटर पसरून सफरचंदं गोळा करून आणली. टोपीवाल्या आजोबांनी टोपीत भरून आणली. जळक्या रानाच्या मातीतली, डाग पडलेली, लालपिवळी सफरचंदं. एकेक करून ती गुळावर ठेवत गेले. चौथ्या-पाचव्याला फळी थरथरली. आठव्याला लाल बूट जमिनीपासून सुटले.

इरा अधांतरी तरंगत होती आणि पलीकडे तेरा किलो गूळ, वर गावाची सफरचंदं. दोन्ही बाजू सारख्या. मोजणी खात्यात एकतीस वर्षं काढली, पण इतकी सरळ रेषा मी पाहिली नव्हती.

"नोख माल!" इरा ओरडली. पुन्हा, असा त्याचा अर्थ.

"थांब, आजीला आधी काहीतरी म्हणायचंय," मनू तिला म्हणाली.

नवस फेडतानाही मोठ्याने बोलायचं असतं. मी हात जोडले. चॅपल माझ्या पाठीमागे होतं आणि वळून तिकडे तोंड करावं असं मला वाटलं नाही. समोर मनू उभी होती, एक हात इराच्या पाठीशी धरून.

"माझी नात घरी आली," मी म्हटलं. "बोलले होते तसा नवस फेडते."

"ऐकलं, आई," मनू म्हणाली, आणि वाटायला पहिली भेली फोडायला घेतली.